कागद कोणत्या दिवशी सापडला?

गेल्या अंकात मी युरोपातल्या आधुनिक पेगन पंथांची ओळख करून दिली होती: निसर्गाला देव मानणारे, ऋतुबदलाचे सण पाळणारे विक्का, ड्रुइड वगैरे, आणि त्यांच्या शेजारीच नांदणाऱ्या गुप्तविद्येच्या मंडळ्या. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच आहे: हे सुरू कुणी केलं, आणि ती माणसं खरं बोलली का? माझी सगळी नोकरी जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सगळी पत्रं घेता आली नाहीत. ज्यांत इतरांचेही प्रश्न आले आहेत, ती निवडली.

*

ताई, विक्का हा जगातला सर्वांत जुना धर्म आहे, अश्मयुगापासून लपूनछपून चालत आलाय, असं माझी मैत्रीण सांगते. मी वाद घातला नाही, पण मनाला पटत नाही. खरं काय? (बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

तुझ्या मनाला वाटतं तेच बरोबर आहे. विक्का हा विसाव्या शतकातला पंथ आहे. तो लोकांपुढे आणला जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थानं. जन्म १८८४चा, लिव्हरपूलजवळचा. लहानपणापासून दमा, त्यामुळे शाळा अशी धड झालीच नाही. तरुणपणी सिलोनच्या चहाच्या मळ्यांत, मग बोर्निओत, मग मलायात नोकरी. मलायी लोकांचा क्रिस नावाचा नागमोडी पात्याचा खंजीर असतो, त्याचा याला भारी नाद. १९३६ साली त्यानं मलायी शस्त्रांवर पुस्तक काढलं आणि त्याच साली निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. पुढे दक्षिण किनाऱ्यावर, न्यू फॉरेस्टच्या कडेला हायक्लिफ गावात त्यानं घर केलं. गार्डनरचं म्हणणं असं, की सप्टेंबर १९३९मध्ये तिथल्या एका जुन्या चेटकीण-मंडळानं, म्हणजे कोव्हेननं, त्याला दीक्षा दिली.

इंग्लंडमध्ये तेव्हा १७३५चा चेटूकविरोधी कायदा लागू होता. तो चेटूक करणाऱ्यांना नव्हे, तर आपल्याकडे तशी शक्ती आहे असं भासवणाऱ्यांना शिक्षा देणारा होता, पण धाक होताच. १९४४ साली हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईला याच कायद्याखाली नऊ महिन्यांची कैद झाली होती. म्हणून गार्डनरनं १९४९ साली आपलं म्हणणं कादंबरीच्या आडून मांडलं. १९५१ला कायदा रद्द झाला आणि १९५४मध्ये त्याचं उघड पुस्तक आलं. प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची.

या मरेबाई महत्त्वाच्या. जन्म १८६३चा, कलकत्त्याचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येच्या अभ्यासक. १९२१ साली त्यांनी पुस्तक लिहून असा सिद्धान्त मांडला, की युरोपात ज्यांना चेटकीण म्हणून शिक्षा झाल्या, ते लोक खरं तर ख्रिस्तपूर्व काळातल्या एका जुन्या धर्माचे गुप्त अनुयायी होते आणि तेरा-तेराच्या गटांत जमत. १९२९च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातली चेटूकविद्येवरची नोंदही त्यांनीच लिहिली. तिथे छापलं म्हणजे ठरलंच, असं सामान्य वाचकाला वाटलं तर त्यात त्याचा काय दोष?

१९७५मध्ये नॉर्मन कोन या इतिहासकारानं मरेबाईंचे उतारे मूळ कबुलीजबाबांशी ताडून पाहिले. जेवण, नाच, बैठक हा भाग बाईंनी घेतला होता. त्याच बयाणात, त्याच दमात कबुली देणारी बाई आपण हवेत उडालो, प्राण्याचं रूप घेतलं असंही सांगत होती. तो भाग गाळला होता. गाळलेल्या जागी टिंबं. छळाखाली किंवा भीतीपोटी दिलेल्या जबाबातलं पटण्यासारखं तेवढं उचलायचं आणि बाकीचं सोडायचं, असं दप्तराच्या कामात केलं असतं तर आमच्या साहेबांनी वही तोंडावर मारली असती.

तेव्हा क्रम नीट पाहा. आधी १९२१ला एक विदुषी सांगतात, की असा जुना धर्म असला पाहिजे. मग काही वर्षांनी एक गृहस्थ सांगतो, की तो मला सापडला, आणि तो हुबेहूब त्या पुस्तकासारखा असतो. गार्डनरच्या विधींत फ्रीमेसन या गुप्त विधींच्या पुरुष-संघटनेतल्या दीक्षेची घडण आहे, अॅलिस्टर क्राउली या इंग्रज गुप्तविद्यावाल्याची वाक्यं आहेत, चार्ल्स लेलँड या अमेरिकन लोकविद्या-संग्राहकाच्या १८९९च्या पुस्तकातला इटालियन देवीचा भाग आहे. अश्मयुगातलं मात्र काही हाती लागत नाही. मैत्रिणीला हे सांगताना तिचा पंथ खोटा ठरवायला जाऊ नकोस. तिचं आचरण तिच्यापाशी; फक्त त्याचं वय चुकलंय.

*

गार्डनरला दीक्षा देणारी ‘ओल्ड डोरोथी’ ही बाई खरंच होती, की ती त्यानं मनानं रचली? (निवृत्त शिक्षक)

होती. आणि ती कशी सापडली, हे या सगळ्या विषयातलं माझं सर्वांत लाडकं प्रकरण आहे. सर, थोडं सविस्तर सांगते.

ज्या बाईनं डोरोथीला शोधलं, ती गार्डनरचीच शिष्या: डोरीन व्हॅलिएंटे. जन्म १९२२. एका साप्ताहिकातला लेख वाचून १९५२ साली तिनं पत्र धाडलं, गार्डनरची भेट झाली, आणि १९५३च्या उन्हाळ्यात तिची दीक्षा झाली. गार्डनरकडे विधींची हस्तलिखित वही होती. ती शतकानुशतकं उतरवत आलेली आहे, असं तो सांगे. डोरीन तशी वाचनात मुरलेली. तिनं वही उघडली, आणि तिला त्यात क्राउलीची वाक्यं दिसली. गुरूच्या तोंडावर तिनं ते सांगितलं. मूळ विधी तुटक-तुटक मिळाले होते, जागा भरून काढाव्या लागल्या, असं गार्डनर म्हणाला. आणि तुला याहून बरं जमत असेल तर कर, म्हणून वही तिच्याकडे दिली. तिनं केलं. आज जगभरचे विक्का लोक देवीच्या तोंडचा म्हणून जो उपदेश म्हणतात, त्याचं गद्य बहुतांशी डोरीननं नव्यानं घडवलेलं आहे.

पुढे १९५७मध्ये खटका उडाला. गार्डनरला वर्तमानपत्रांत मिरवायची हौस, मंडळातल्या इतरांना ते नको. डोरीन आणि तिच्या सोबत्यांनी काही नियम लिहून त्याच्यापुढे ठेवले. गार्डनर म्हणाला, नव्या नियमांची गरजच नाही, प्राचीन कायदे आहेतच. आणि जुन्या धाटणीच्या इंग्रजीतला एक दस्तऐवज त्यानं काढला. तोवर तो कुणीही पाहिलेला नव्हता. त्यात एक कलम असं, की पुजारिणीनं तरुण बाईसाठी आनंदानं आपली जागा सोडावी. डोरीननं तो कागद मानला नाही आणि ती बाहेर पडली.

नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझ्यापुढे एक प्रकरण आलं होतं. वारसाचा वाद, एका पक्षानं पणजोबांचा दाखला आणला. कागद पिवळा, घड्या झिजलेल्या, अक्षर वळणदार, शिक्का पुसट. सगळं कसं जिथल्या तिथे. आमच्या हेडक्लार्कबाईंनी तो उलटासुलटा केला आणि नखानं तळाची ओळ दाखवली. छापील नमुन्याच्या तळाशी छपाईचं साल असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते साल दाखल्यावरच्या तारखेच्या नऊ वर्षांनंतरचं होतं. मग बाईंनी त्या माणसाला शांतपणे विचारलं, “हा कागद सापडला कधी?” तो म्हणाला, “गेल्याच आठवड्यात.” दावा त्याच आठवड्यात लागला होता. तेव्हापासून जुन्या कागदाबद्दल माझा पहिला प्रश्न तोच असतो. १९५७चे ते ‘प्राचीन कायदे’ गरज पडली त्याच दिवशी सापडले होते.

आता डोरोथी. १९८०मध्ये जेफ्री रसेल या अमेरिकन इतिहासकारानं, अशी कुणी बाई असल्याचा पुरावाच नाही, अशी शंका घेतली. डोरीन गार्डनरपासून कधीच वेगळी झालेली, गार्डनर १९६४ला वारलेला. तिला काय पडलं होतं? पण तिनं मनावर घेतलं. त्या वर्षीच्या हॅलोवीनपासून तिनं शोध सुरू केला. नाव ठाऊक होतं डोरोथी क्लटरबक, गाव साधारण ठाऊक होतं. पण इंग्लंडच्या जन्मनोंदींत ती मिळेना, आणि मृत्यूच्या नोंदींत त्या नावानं मिळेना.

वाचताना मला अक्षरशः हात चोळावेसे वाटतात, कारण ही दोन्ही कोडी आमच्या रोजच्या कामातली! जन्मनोंद इंग्लंडमध्ये नव्हती, कारण डोरोथीचे वडील हिंदुस्थानात फौजेत अधिकारी होते. तिचा जन्म १८८० सालचा, हिंदुस्थानातला, बाप्तिस्मा अंबाल्याच्या चर्चमधला. मृत्यूची नोंद मिळत नव्हती, कारण उतारवयात तिचं आडनाव बदलून फोर्डहॅम झालं होतं. डोरीननं गावोगावच्या जुन्या निर्देशिका, वाचनालयं, दाखले धुंडाळत दोन्ही टोकं जुळवली. हायक्लिफमधली सुखवस्तू बाई, मृत्यू १९५१. १९८४मध्ये डोरीनचा हा शोध छापून आला.

इथे एक गाठ मारून ठेवा, सर. बाई होती हे सिद्ध झालं; ती चेटकीण होती हे नाही. रोनाल्ड हटन या ब्रिस्टल विद्यापीठातल्या इतिहासकारानं पुढे तिच्या १९४२-४३च्या रोजनिश्या पाहिल्या. त्यांत फुलं आहेत, कविता आहेत, चांगली श्रद्धाळू ख्रिस्ती बाई आहे. जंगलातल्या गुप्त मंडळाचा मागमूस नाही. आणखी एक संशोधक, फिलिप हेसल्टन, गार्डनरभोवतीच्या दुसऱ्या माणसांकडे बोट दाखवतात. एडिथ वुडफर्ड-ग्राइम्स ही गार्डनरची जवळची मैत्रीण त्यांत मुख्य. मला तेच जास्त संभवनीय वाटतं: १९३०च्या दशकात तिथे गुप्तविद्येची आवड असलेली काही माणसं खरोखर जमत होती आणि त्यांच्यातूनच काहीतरी उभं राहिलं. गार्डनरनं सगळंच शून्यातून रचलं, असं मी म्हणणार नाही.

*

गोल्डन डॉनचा उल्लेख तुम्ही ओझरता केला होता. ती संस्था एका जर्मन बाईच्या पत्रांवर उभी राहिली हे खरं का? (बँकेत नोकरी करणारे वाचक)

पत्रांवर उभी राहिली हे खरं. जर्मन बाईच्या, हे नाही.

गोल्डन डॉन ही लंडनमधली गुप्तविद्या-मंडळी, स्थापना १८८८. संस्थापक तिघे, आणि तिघेही फ्रीमेसन: विल्यम विन वेस्टकॉट, सॅम्युएल मॅथर्स आणि विल्यम वुडमन. वेस्टकॉट डॉक्टर होते आणि कॉरोनर होते, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची सरकारी चौकशी करणारे अधिकारी. त्यांच्या हाती सांकेतिक लिपीतली काही पानं आली. लिपी सोडवली तर इंग्रजीतून दीक्षाविधींचे आराखडे निघाले. पानांसोबत, वेस्टकॉटच्या सांगण्यानुसार, जर्मनीतल्या फ्रॉइलाइन स्प्रेंगेल या गुप्त पंथातल्या थोर बाईचा पत्ता मिळाला. पत्रव्यवहार झाला, बाईंनी लंडनमध्ये मंदिर काढायची परवानगी दिली, आणि मग बाई वारल्याचं पत्र आलं. परवानगी मिळाल्यावर देणाराच उरला नाही. आता विचारायचं कुणाला?

१९००मध्ये मॅथर्सनं स्वतःच फ्लोरेन्स फार या सभासद अभिनेत्रीला कळवलं, की वेस्टकॉटनं ती पत्रं बनावट तयार केली. मंडळी हादरली. कवी यीट्सही तेव्हा सभासद होते. चौकशी समिती बसली, पण निकाल लागला नाही आणि संस्था फुटली. १९७२मध्ये एलिक हाऊ या संशोधकानं कागदपत्रं छापून आणली. पत्रांतलं जर्मन जाणकाराला दाखवलं, तर शब्द जर्मन पण वाक्यांची ठेवण इंग्रजी. जर्मन बाई आपल्या मातृभाषेत असं लिहील?

तरी या मंडळीबद्दल एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. तिथे बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं दीक्षा मिळे, वरच्या पायऱ्या मिळत, अधिकार मिळत. फ्लोरेन्स फारकडे लंडनच्या मंदिराचा कारभार होता. १८९०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये हे फार मोठं होतं, आणि ते बनावट नव्हतं.

*

टॅरोची पानं इजिप्तच्या पुजाऱ्यांनी बनवली, असं क्लासमध्ये शिकवतात. (टॅरो शिकणारी वाचक)

आज भविष्य पाहायला वापरतात तो टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणून निघाला. १४४०च्या दशकात मिलान आणि फेरारातल्या सरदार घराण्यांसाठी सोनेरी पानं रंगवून घेतल्याच्या नोंदी आहेत. इजिप्तची गोष्ट जोडली ती १७८१ साली, कूर द जेबलँ या फ्रेंच पाद्री-विद्वानानं. पॅरिसमध्ये कुणी तरी हा डाव खेळत होतं, त्यानं चित्रं पाहिली आणि जागच्या जागी ठरवलं, की हा इजिप्तच्या ज्ञानाचा लपवलेला ग्रंथ आहे. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियोंनी उलगडली १८२२ साली. म्हणजे जेबलँनं हे ठरवलं तेव्हा त्या चित्रलिपीतला एक शब्दही जगात कुणाला वाचता येत नव्हता.

तुमच्या हातातला संच बहुधा १९०९चा असेल, म्हणजे त्याच्या नव्या छपाईतला. तो ए. ई. वेट या गुप्तविद्येवरच्या लेखकाच्या नावानं ओळखला जातो, पण अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर चित्रं पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीनं काढली. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिनं तेव्हा एका परिचिताला पत्रात लिहिलं होतं. ती १९५१मध्ये कॉर्नवॉलमध्ये वारली, कर्ज मागे ठेवून. पानांच्या कोपऱ्यात तिची वेलांटीसारखी सही आहे; एकदा भिंग घेऊन शोधा. इजिप्तच्या पुजाऱ्यांचे आभार मानण्यापेक्षा त्या सहीकडे बघा, असं मला फार वाटतं.

*

युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या आणि त्या सगळ्या पेगन होत्या, हे बरोबर का? (गृहिणी, वय ५२)

नाही. आणि हा आकडा कुठून आला हे ठाऊक आहे, म्हणून त्याचा जास्तच राग येतो. १७८४ साली क्वेडलिनबुर्ग या जर्मन गावातले गॉटफ्रीड फॉइग्ट यांनी आपल्या गावच्या दप्तरातली थोडी प्रकरणं घेतली, त्यांचा हिशेब सगळ्या युरोपावर आणि अनेक शतकांवर पसरला, आणि उत्तर काढलं ९४,४२,९९४. शेवटच्या चारपर्यंत! एवढा नेमका आकडा दिसला की लोकांना तो मोजलेलाच वाटतो. १८९३मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीहक्कांच्या कार्यकर्त्या मटिल्डा गेज यांनी नव्वद लाख म्हणून तो उचलला, गार्डनरनंही वापरला.

आज इतिहासकार खटल्यांच्या कागदांवरून चाळीस ते साठ हजार माणसांना मृत्युदंड झाला असं मानतात. इंग्लंडमध्ये जाळत नसत, फाशी देत. मारले गेलेले बहुतेक सगळे आपापल्या गावचे ख्रिस्ती लोकच होते. शेजाऱ्यांशी वाकडं आलेल्या, आधार नसलेल्या बायका त्यांत फार. ताई, चाळीस हजार म्हणजे कमी झाले, असं कृपा करून वाटून घेऊ नका. मी आयुष्यभर मृत्यूच्या नोंदी लिहिल्या. दिवसाला पाच-सहा लिहिल्या तरी हात जड व्हायचा. ज्यांनी स्वतः कधी त्या धर्माचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांना मेल्यावर दुसऱ्याच धर्माचे हुतात्मे करणं मला बरोबर वाटत नाही. त्यांच्या कपाळी एक खोटा आरोप जिवंतपणी आलाच होता.

*

क्राउली सैतानाची पूजा करायचा का? (नाव कळवू नये)

नाही. ॲलिस्टर क्राउली, जन्म १८७५, कडव्या ख्रिस्ती घरातला. आई त्याला बायबलमधलं श्वापद म्हणे, आणि त्यानं ते नाव मिरवलं. १९०४च्या एप्रिलमध्ये कैरोत तीन दिवस एका अमानुष आवाजानं आपल्याला ग्रंथ सांगितला, असं त्याचं म्हणणं. त्यातून त्याचा थेलेमा पंथ निघाला. त्यात सैतानपूजा नाही. सैतानाचं नाव घेणारं चर्च ॲन्टन लावेनं काढलं, १९६६ साली, सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तेही सैतानाला देव मानत नाही. क्राउली माणूस म्हणून मात्र मला मुळीच रुचत नाही. भोवतालच्या माणसांची, विशेषतः बायकांची, त्यानं फार नासाडी केली. मे १९४७मध्ये हेस्टिंग्जमध्ये गार्डनर त्याला भेटला. त्याच डिसेंबरात क्राउली वारला. विक्काच्या वहीत त्याची वाक्यं आली, ती या ओळखीतून आणि त्याची पुस्तकं वाचून.

*

एवढी फसवणूक उघडी पडल्यावर अशा पंथांवर पानं का खर्च करता? संस्थापकच खोटं बोलले तर उरलं काय? (एक नाराज वर्गणीदार)

तुमचा राग मी समजू शकते. पण मला यातल्या दोन-तीन गोष्टी दिसतात, त्या पाहून ठरवा.

वेल्समध्ये एडवर्ड विल्यम्स नावाचा पाथरवट होता, कवी म्हणून त्याचं नाव इओलो मॉर्गनग. जुन्या वेल्श हस्तलिखितांचा खरोखर मोठा जाणकार, आणि बनावट मजकूर रचण्यातही तितकाच मोठा. स्वतः लिहायचा आणि जुन्याच्या नावावर खपवायचा. २१ जून १७९२ रोजी त्यानं लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर ‘प्राचीन’ ड्रुइड-कवींची सभा भरवली. विधी सगळा त्याच्याच डोक्यातला. १८१९मध्ये कार्मार्थनमध्ये तो खिशातून खडे काढून जमिनीवर गोल मांडतो, आणि तेव्हापासून ती सभा वेल्सच्या साहित्य-उत्सवाला जोडली जाते. विसाव्या शतकात जी. जे. विल्यम्स या विद्वानानं त्याची सगळी बनावट पानापानानं सिद्ध केली. तरी सभा भरतेच. ब्रिटनमधले आजचे ड्रुइड इओलोची प्रार्थना म्हणतात, आणि त्यांच्यातले जाणते लोक ती इओलोची आहे हे सांगून म्हणतात. यात कुणाची फसवणूक होते?

आइसलँडचं उदाहरण तर निर्मळच आहे. १९७२मध्ये स्वेनब्यॉर्न बेनटेनसन या शेतकरी-कवीनं काही सोबत्यांसह जुन्या नॉर्स देवांना मानणारी संस्था काढली, आणि १९७३मध्ये सरकारनं तिला मान्यता दिली, तिथल्या बिशपचा विरोध असूनही. गुप्त परंपरा, आजीची दीक्षा, सांकेतिक पानं, असलं काही नाही. तेराव्या शतकातली हस्तलिखितं सगळ्यांपुढे आहेत, आम्ही ती वाचतो आणि आजपासून सुरुवात करतो, एवढंच.

आणि तिसरी डोरीन व्हॅलिएंटे. गुरूची वही तिनं पकडली, त्याचे ‘प्राचीन कायदे’ झिडकारले, त्याच्या साक्षीदाराला दाखले काढून शोधलं, आणि तरी १९९९मध्ये मरेपर्यंत ती स्वतःला चेटकीण म्हणवत राहिली. ती जे म्हणत होती त्यातलं किती तिनंच लिहिलंय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन लिहिला आणि १३ हजारांनी विक्का. त्यांच्यासाठी नाही, तर डोरीनसारख्या बाईसाठी मी ही पानं खर्च करते, साहेब. वर्गणी चालू ठेवाल, अशी आशा आहे.

*

ताई, मी ऑनलाइन ज्यांच्याकडे विक्का शिकते, त्या म्हणतात की त्यांची वही आजीकडून आली आहे, १९३०च्या आसपासची. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण खात्री कशी करू? (वय २४)

आदर असू दे आणि वहीही तपास. दोन्ही एकत्र जमतं.

हा आजीचा दावा जुना आहे. ॲलेक्स सँडर्स या इंग्रजानं १९६०च्या दशकात स्वतःची शाखा काढली. सांगायचा, की १९३३मध्ये, सात वर्षांचा असताना, आजीनं त्याला स्वयंपाकघरात दीक्षा दिली आणि आपली वही उतरवून घ्यायला लावली. त्याच्या वहीतला बराचसा मजकूर गार्डनरच्या वहीशी जुळतो. इतकंच नाही, तर देवीचा तो उपदेश त्यात आहे, डोरीननं १९५०च्या दशकात लिहिलेल्या शब्दांतच. १९३३च्या आजीकडे तो कुठून आला असेल?

तर तू असं कर. बाईंना उपदेशाचं पान मागून घे, फोटो चालेल. डोरीनचा मजकूर आज सहज मिळतो, तो शेजारी ठेव आणि ओळीवर बोट ठेवून वाच. मग सणांची यादी बघ. शरद संपाताच्या सणाला ‘मेबन’ म्हटलं असेल, तर ते नाव अमेरिकेतल्या एडन केली यांनी १९७०च्या दशकात दिलेलं आहे. शेवटी त्यांना नम्रपणे एवढं विचार, की आजीची वही तुमच्या हाती कोणत्या वर्षी आली आणि त्याआधी ती कुणी पाहिली होती. बाई प्रामाणिक असतील तर त्यांनाही ते शोधावंसं वाटेल, आणि वहीत खरंच आजीच्या हातचं काही निघालं, एखादा काढा, एखादं गाणं, तर ते उपदेशाच्या पानापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. काय निघतं ते मला नक्की कळव.